किसन वाव्हळ्यांचं आभारप्रदर्शन

तुर्भ्याच्या त्या वस्तीत कुणाच्या नळाला पाणी आलं नाही, कुणाच्या रेशनकार्डावरून सून गळाली, कुणाच्या दारासमोरचा दिवा महिनाभर बंद राहिला, की माणूस आधी किसन वाव्हळ्यांकडे जाई. वाव्हळे काका अर्ज लिहून देत. मोबदला घेत नसत. चहा घेत, आणि तोही अर्ज पुरा झाल्यावरच.

परभणीकडच्या एका खेड्यातून ते मॅट्रिक होऊन इकडे आले आणि एका औषधाच्या कारखान्यात जावक कारकून म्हणून चिकटले. एकतीस वर्षं कारखान्यातून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र त्यांच्या हाताखालून गेलं. त्यामुळे मराठी असो की इंग्रजी, कार्यालयीन भाषा त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की एकदा इस्पितळात पडले असताना त्यांनी बायकोला चिठ्ठी पाठवली, ‘उपरोक्त विषयास अनुसरून डबा लवकर पाठवण्याची कृपा व्हावी.’ मुक्ताबाईंना लिहिता-वाचता बेताचंच येई. त्यांनी ती चिठ्ठी शेजारणीकडून वाचून घेतली आणि डब्यात मुद्दाम कारल्याची भाजी पाठवली.

काकांची एक खास रीत होती. कुठलंही काम अर्धवट झालं की लोक भांडायला जात. काका आभारपत्र पाठवत. वस्तीच्या संडासाला चार दारं हवी होती, दोनच बसली. बायका हंडे वाजवत पालिकेच्या कार्यालयावर जायला निघाल्या, तेव्हा काकांनी त्यांना थांबवलं आणि साहेबांना लांबलचक आभारपत्र धाडलं. आपल्या कर्तव्यदक्षतेमुळे, आपल्या संवेदनशील अंतःकरणामुळे, वगैरे. साहेब वरमला. आठ दिवसांत उरलेली दोन दारं बसली. तेव्हापासून काकांचा सिद्धान्त पक्का झाला. अर्धं काम झालं की आभार मानावेत, उरलेलं अर्धं साहेब लाजेनं करतो. गुळाने मरतो त्याला विष कशाला, असं ते वर म्हणत. लाज असलेल्या साहेबापुरतं हे खरंही होतं.

पण वस्तीचं खरं दुखणं संडासाची दारं नव्हतं. ते होतं समोरचा रस्ता.

वस्ती एका बाजूला आणि कारखाने दुसऱ्या बाजूला, मधून सहापदरी रस्ता. दिवसरात्र कंटेनर, टँकर, ट्रक. सकाळी साडेसातच्या पाळीला वस्तीतल्या पाच-सहाशे बाया पलीकडे जात आणि संध्याकाळी परत येत. रस्ता ओलांडायची अधिकृत जागा दीड किलोमीटर लांब होती. दुभाजकाच्या जाळीचे दोन गज कुणीतरी फार पूर्वी कापले होते, त्या फटीतून सगळी वस्ती ये-जा करी. चार वर्षांत तिथे नऊ माणसं मेली. प्रत्येक पंचनाम्यात एकच वाक्य असे, ‘मयत हे अनधिकृत ठिकाणाहून रस्ता ओलांडत असताना.’ म्हणजे माणूस जिवानिशी जायचा आणि वर गुन्हेगारही तोच ठरायचा.

काका या गोष्टीच्या मागे हात धुऊन लागले. माहितीच्या अधिकारात त्यांनी त्या भागाच्या आराखड्याची प्रत मिळवली. ती पसरून बसले आणि त्यांना जे दिसलं ते इतक्या वर्षांत एकाही इंजिनियरला दिसलं नव्हतं, किंवा दिसलं असेल तर त्याने कानावर हात ठेवले होते. आराखड्यात वस्तीच्या जागेवर नुसता जांभळा रंग होता. जांभळा म्हणजे उद्योग. तिथे राहणारं माणूसच नाही, मग पलीकडे जाणार कोण, आणि त्याच्यासाठी पादचारी पूल कशाला? इकडे वाहतुकीचा कायदा म्हणे, जिथे सोय केली आहे तिथूनच ओलांडा. आराखडा म्हणे, तिथे सोय करायची गरजच नाही. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर होते आणि नऊ माणसं दोन्ही कागदांच्या मधे मेली होती.

‘हे एकदा वरच्या माणसाच्या कानावर पडलं ना, की पूल झालाच म्हणून समजा,’ काका सगळ्यांना सांगत. आणि वरची माणसं खरोखरच येणार होती. रस्ते वाहतुकीचा कायदा आणि प्रादेशिक नियोजन यांचा मेळ कसा घालावा, याचा अभ्यास करणारी संसदेची एक समिती दौऱ्यावर निघाली होती. नागरिकांनी निवेदनं पाठवावीत अशी जाहिरात काकांनी पेपरात वाचली. निवेदन गेलं. दीड महिन्याने उत्तर आलं, बेलापूरला साक्षीसाठी हजर राहावे, वेळ पाच मिनिटे.

काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बोलायचा मजकूर त्यांनी हाताने लिहिला आणि शेजारच्या अभयची बायको पायल हिने तो मोबाइलवर टाइप करून दिला. पायल सत्तावीस वर्षांची, पलीकडच्या पॅकिंगच्या कारखान्यात कामाला. अभय टेम्पो चालवी. ती दोघं काकांच्या घरी पोटच्या पोरांसारखी वावरत.

मजकूर तीन पानांचा झाला. पहिल्या पानावर मान्यवरांचं स्वागत, दुसऱ्यावर झालेल्या कामांबद्दल कृतज्ञता आणि तिसऱ्यावर आराखडा, कायदा आणि नऊ नावं.

‘काका, तिसरं पान पहिलं घ्या ना,’ पायल म्हणाली. ‘पाच मिनटात हे सगळं कसं होनार?’

‘बाळ, ताटात आधी मीठ वाढतात, मग भात,’ काका म्हणाले. ‘एकदम भात वाढला तर माणूस अडाणी म्हणतो आपल्याला.’

मुक्ताबाई कोपऱ्यात मेथी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, ‘आवो, आधी मेलेल्यांची नावं घ्या. नऊ नावं घ्यायला किती येळ लागतोय? मग काय गोड बोलायचं ते बोला.’

‘तसं नसतं. रीत असते त्याची.’

‘मरायला न्हाई रीत लागली कुनाला,’ मुक्ताबाई म्हणाल्या आणि मेथीची जुडी उचलून आत गेल्या.

समिती यायच्या तीन दिवस आधी नियोजन कार्यालयातले प्रसाद नेरूरकर नावाचे अधिकारी दोन गाड्या आणि रंगवाले घेऊन फटीपाशी उतरले. दुपारपर्यंत रस्त्यावर पांढरे पट्टे मारून झाले. फट रुंद करून तिला दोन्ही बाजूंनी पिवळे खांब लावले. दुसऱ्या दिवशी हातात शिट्टी आणि लाल झेंडी घेतलेले दोन वॉर्डन उभे राहिले. बाया हरखल्या. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्यासाठी कंटेनर थांबवत होतं.

नेरूरकर काकांना भेटायला आले. चहा प्याले. ‘काका, बघा, सुरुवात तर झाली. पुलाचं पण होईल. फक्त कमिटीसमोर जरा पॉझिटिव्ह बोला. झालेल्या कामाचा उल्लेख आला की वरून प्रेशर येतं, राहिलेलं पण करून टाका म्हणून. टेन्शन घेऊ नका, तुमच्यासाठी गाडी पाठवतो.’

हे ऐकून काकांना आनंद झाला, कारण हा तर त्यांचाच सिद्धान्त होता, तोही एका साहेबाच्या तोंडून. नेरूरकर ठरवून फसवत होते असंही म्हणता येणार नाही. त्यांना एवढंच हवं होतं की समिती सुखरूप यावी आणि सुखरूप जावी. त्यानंतर वस्तीचं काय होतं हा त्यांच्या टेबलाचा विषय नव्हता. असली माणसं वाईट नसतात. वाईट माणसापासून सावध तरी राहता येतं.

काकांनी दुसरं पान वाढवलं. पट्टे, खांब, वॉर्डन, सगळ्यांचे आभार. मुक्ताबाई म्हणाल्या, ‘चुना तर मारलाय नुसता. चुन्याचे कसले आभार मानायलात?’ काकांनी लक्ष दिलं नाही. आभारपत्राचं शास्त्र बायकोला कळत नाही, हे त्यांनी केव्हाच मनाशी पक्कं केलं होतं.

बेलापूरच्या त्या सभागृहात थंडी वाजेल इतका एसी होता. लांब टेबलामागे बारा-तेरा खासदार बसले होते. प्रत्येकासमोर पाण्याची बाटली आणि नावाची पाटी. काकांच्या समोरही पाटी होती, श्री. किसन वाव्हळे, साक्षीदार. काकांनी ती दोनदा वाचली. समितीचे अध्यक्ष हिंदी बोलत होते. काकांनी मराठीतून बोलावं, दुभाषी बाई हिंदी करून सांगतील, असं ठरलं. पण दुभाषी बाईंचा वेळही त्याच पाच मिनिटांतून जाणार, हे कुणी सांगितलं नव्हतं.

काका उभे राहिले. लोकशाहीच्या सर्वोच्च मंदिरातून आमच्यासारख्या सामान्यांच्या दारी आलेले, वगैरे. बाई हिंदी करत होत्या. मग दुसरं पान. प्रशासनाने दाखवलेली तत्परता. पट्टे. खांब. वॉर्डन. ‘यामुळे आमच्या माताभगिनींचा मार्ग आता सुरक्षित झाला असून त्याबद्दल आम्ही समस्त रहिवासी मनःपूर्वक समाधान व्यक्त करतो.’ बाईंनी तेही हिंदी केलं. दोन-तीन खासदारांनी टेबलावर हात आपटून दाद दिली. काकांनी तिसरं पान वर घेतलं. त्यावरचा पहिला शब्द होता, ‘तथापि’.

‘तथापि,’ काका म्हणाले, आणि घंटी वाजली.

‘बहुत बढ़िया, वाव्हळे जी,’ अध्यक्ष म्हणाले. ‘ऐसे सकारात्मक नागरिक कम मिलते हैं. आपका लिखित निवेदन हमारे पास है ही.’

‘साहेब, एकच मिनिट...’

पण पुढच्या साक्षीदाराचं नाव पुकारलं गेलं होतं. मागे भिंतीपाशी उभे असलेले नेरूरकर हसून मान हलवत होते. तिथे ओरडायला हवं होतं. तिसरं पान टेबलावर आपटून नऊ नावं एका दमात म्हणायला हवी होती, मग बाहेर काढलं असतं तरी चाललं असतं. काकांना ते सुचलं नाही असं नाही. त्यांना ते करता आलं नाही. एकतीस वर्षं वाकलेली मान ऐनवेळी ताठ होत नाही. त्यांनी पानं गोळा केली, अध्यक्षांना नमस्कार केला आणि खाली बसले.

घरी आल्यावर मुक्ताबाईंनी एवढंच विचारलं, ‘नावं घेतली का?’

‘लेखी दिलीत ना. सगळी आहेत त्यात.’

‘म्हंजे घेतली न्हाईत.’

समिती गेली त्याच्या पाचव्या दिवशी वॉर्डन दिसेनासे झाले. महिनाभराने दिल्लीहून मोठं पाकीट आलं. काकांच्या साक्षीचा शब्दशः मजकूर होता. टंकलेखनाच्या चुका असल्यास दुरुस्त करून सही करून परत पाठवा, आशयात बदल करता येणार नाही. काकांनी मजकूर वाचला. शेवटी ‘तथापि’ होता आणि त्यापुढे टिंबं. ते खटकलं खरं, पण आपलं बोलणं संसदेच्या कागदावर छापलेलं बघायचा मोह मोठा होता. आधी चार लोकांना दाखवलं, मग सही केली. सोबत समितीला आभारपत्र जोडलं. उरलेलं अर्धं काम ते आता लाजेनं करतील, याची त्यांना अजूनही खात्री होती.

पावसाळा संपता संपता पट्टे कंटेनरच्या चाकांखाली झिजून गेले. दिवाळीच्या सुमाराला रस्त्यावर नवीन डांबर पडलं आणि उरलेसुरले तुकडेही गेले. एका ट्रकने एक पिवळा खांब आडवा केला, दुसरा कुणीतरी भंगारात विकला. काकांनी अर्ज केला. उत्तर नाही. दुसरा केला. उत्तर नाही. तिसऱ्याच्या वेळेला समितीचा अहवाल संसदेत मांडला गेला होता. नेरूरकरांनीच तो काकांना व्हॉट्सॲपवर पाठवला, वर ‘अभिनंदन काका’ असं लिहून.

काकांचा उल्लेख इंग्रजीत एका परिच्छेदात होता. त्याचा अर्थ असा, ‘सदर ठिकाणी पादचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी केलेल्या उपाययोजनांबाबत स्थानिक रहिवाशांच्या प्रतिनिधीने समितीसमोर समाधान व्यक्त केले. अन्य शहरांनी हा आदर्श घ्यावा.’ नऊ नावं कुठेच नव्हती. लेखी निवेदनांची नुसती यादी शेवटी जोडली होती, त्यात काकांच्या निवेदनाचा नंबर शंभराच्या पुढे होता.

तिसऱ्या अर्जाचं उत्तर मात्र आलं. ‘याबाबत आपण स्वतः मा. समितीसमोर समाधान व्यक्त केले असल्याने सदर प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.’ काकांनी कागद खाली ठेवला. मग त्यांनी चौथा अर्ज लिहायला घेतला. मायना लिहिला, विषय लिहिला, संदर्भात काय लिहावं ते सुचेना. कुठलाही संदर्भ दिला तरी तो त्यांच्याच तोंडावर येऊन आपटणार होता.

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी पायल त्या फटीतून पलीकडे निघाली आणि टँकरखाली आली. जागीच गेली.

पंचनाम्यात तेच वाक्य होतं. अभयने अपघाताचा दावा लावला. वकिलाने भरपाईचं काहीबाही सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘ते काय मिळायचं ते मिळू दे. पन पायलची चूक लिवलीय ना कागदावर, ती पुसली पायजे. ती कदीच घाईत नसायची. दोनदा बघून जायची. काका, तुमी सांगा कोर्टात. तुमाला सगळं ठाऊक हाय.’

काका साक्षीला उभे राहिले. या वेळी त्यांनी कागद आणला नव्हता. पट्टे पुसले गेल्याचं, फटीचं, आराखड्याचं, सगळं त्यांनी धडाधड सांगितलं. कुणाचे आभार मानले नाहीत, कुणाला महोदय म्हटलं नाही. मग टँकरच्या विमा कंपनीचा वकील उठला. तरुण होता, आवाज अगदी मऊ. त्याने अहवालाचं ते पान काकांपुढे धरलं.

‘यातले स्थानिक प्रतिनिधी म्हणजे तुम्हीच ना?’

‘हो.’

‘माताभगिनींचा मार्ग सुरक्षित झाला, असं तुम्ही संसदीय समितीला सांगितलंत?’

‘हो, पण तेव्हा ते पट्टे...’

‘सांगितलंत की नाही, एवढंच.’

‘सांगितलं.’

‘मजकूर तपासून सही पण केलीत?’

‘केली.’

‘मग तेव्हा खोटं बोललात की आत्ता बोलताय?’

अभय मागच्या बाकावर बसला होता. काकांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं. ते म्हणाले, ‘मी खोटं बोलत नाही साहेब.’ वकिलाने मान झुकवली आणि बसला. त्याचं काम झालं होतं.

सात महिन्यांनी निकाल लागला. अभयला इंग्रजी येत नव्हतं. निकालाची प्रत घेऊन तो संध्याकाळी काकांच्या घरी आला. मुक्ताबाईंनी त्याच्यासमोर पाणी ठेवलं आणि त्या दारात उभ्या राहिल्या. काकांनी चष्मा लावला. कारखान्यात असताना कडवट इंग्रजी पत्राचं गोड मराठी करून सांगण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. इथेही दोन शब्द इकडचे तिकडे केले असते तर अभयला कळलं नसतं. काकांच्या ते मनात येऊन गेलं. पण त्यांनी ते केलं नाही.

‘पान अकरा,’ ते म्हणाले आणि वाचत वाचत मराठी करू लागले. ‘साक्षीदार किसन वाव्हळे यांची दोन विधानं एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांनी संसदीय समितीसमोर केलेलं विधान अधिक विश्वासार्ह मानायला हवं. त्या विधानानुसार सदर ठिकाणी पादचाऱ्यांची पुरेशी सोय उपलब्ध होती. तरीही मयत पायल हिने योग्य ती काळजी घेतली नाही. सबब अपघातास मयत स्वतः निम्मी जबाबदार आहे.’

बाहेर रस्त्यावर कंटेनर जात होते, त्यांच्या हादऱ्याने भांडी हलत होती.

‘म्हंजे अर्धी चूक पायलची?’

‘कागदावर तिची,’ काका म्हणाले. ‘खरी माझी आहे, अभय. मी मारली तिला.’

असं कुणी म्हटलं की समोरच्याने ‘छे, छे, काका, असं काय बोलता’ म्हणायचं असतं. काका वाट बघत होते. दारातून मुक्ताबाईही वाट बघत होत्या. अभयने निकालाची प्रत काकांच्या हातातून घेतली, नीट चार घड्या घातल्या, खिशात ठेवली आणि पाण्याला हात न लावता तो निघून गेला.